चहा सोडायचाय? मग सकाळचा कप सगळ्यात शेवटी

दर महिन्याच्या एक तारखेला माझ्या ओळखीतलं कुणी ना कुणी चहा सोडतं आणि तीन तारखेच्या दुपारी कपाळाला बाम चोळत परत सुरू करतं. हसत नाहीये, मी स्वतः तीनदा हेच केलंय, त्यातलं एकदा तर मार्च एंडिंगला (मी सांगलीत एका सीएच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे मार्चमध्ये चहा सोडणं म्हणजे काय अक्कल होती ते बघा). चौथ्यांदा जमलं कारण चौथ्यांदा मी चहा तोडला नाही, हळूहळू उतरवला, आणि क्रम बदलला.

बहुतेकांचा क्रम असा असतो. आधी सकाळचा पहिला कप बंद, कारण रिकाम्या पोटी चहा वाईट असं सगळीकडे वाचलेलं असतं. मग डोकं दुखलं की गोळी, आणि बऱ्याचदा त्या गोळीतच कॅफिन (चहा-कॉफीतलं तरतरी आणणारं केमिकल) असतं. मग चहाऐवजी ग्रीन टी, त्यातही कॅफिन. आणि संध्याकाळी ‘दिवसभर नाही घेतला ना’ म्हणून एक फुल कप. म्हणजे जो कप झोप खातो तो चालू आणि जो कप शरीर सगळ्यात जास्त मागतं तो बंद. उलटं करायचं आहे हे सगळं, एवढंच.

मी चहा चहा लिहितेय पण कॉफीवाल्यांनी, कोल्ड्रिंकवाल्यांनी आणि एनर्जी ड्रिंकवाल्या पोरांनी पण हेच वाचायचं, पायऱ्या त्याच आहेत.

आत काय होतं ते दोन ओळीत सांगते, कारण हे कळलं की घाबरायला होत नाही. मेंदूत अडेनोसिन नावाचं एक केमिकल दिवसभर साठत जातं आणि ‘दमलास, झोप आता’ असा सिग्नल देतं. कॅफिन त्याच्या जागेवर जाऊन बसतं म्हणून सिग्नल पोचत नाही. रोज बसायला लागलं की मेंदू तसा ॲडजस्ट होतो, आणि एक दिवस कॅफिन आलंच नाही की सगळा थकवा एकदम अंगावर येतो, आणि कॅफिनने आवळलेल्या डोक्यातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात म्हणून तो ठणका. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होतं, पहिल्या-दुसऱ्या दिवशी कळस, आणि दोन ते नऊ दिवसांत संपतं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या आजारांच्या यादीत २०१३ पासून याची विथड्रॉवल (सवयीची गोष्ट बंद केल्यावर होणारा त्रास) म्हणून रीतसर नोंद आहे, तेव्हा घरात कुणी म्हणालं ना की नाटकं आहेत तुझी, तर हे सांगा.

पायरी ०: आधी स्वतःला तपासा

काही जणांनी हे स्वतःच्या मनाने सुरूच करायचं नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं.

लिथियम चालू असेल तर कॅफिन कमी केल्यावर रक्तातलं लिथियम वाढू शकतं. क्लोझापिनचं उलट, ते कमी होऊ शकतं. ही दोन औषधं चालू असणाऱ्यांनी चहाचा एक कपसुद्धा न सांगता बंद करू नये, खरंच. दम्यासाठी थिओफायलीन घेत असाल तरी विचारा. मायग्रेन असेल तर तुमची विथड्रॉवलची डोकेदुखी साधी राहणार नाही, ती मायग्रेनच उठवू शकते, तेव्हा खाली जिथे जिथे ‘तीन-चार दिवस’ लिहिलंय तिथे एक आठवडा वाचा.

गरोदर असाल तर शून्यावर यायची घाई नाही, दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनच्या आत राहायला सांगतात. त्या काळात कॅफिन शरीरातून फार हळू बाहेर पडतं, म्हणून पूर्वी पचणारा चहा आता रात्रभर जागवतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्या तरी साधारण दुप्पट वेळ लागतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि चहासोबत सिगरेट असेल तर नीट ऐका. सिगरेटमुळे शरीर कॅफिन भराभर संपवतं. सिगरेट बंद झाली की तोच दोन कप चहा दुप्पट चढतो, धडधडतं, हात थरथरतात आणि माणसाला वाटतं सिगरेट सोडल्यामुळेच होतंय आणि परत ओढतो. म्हणून सिगरेट सोडत असाल तर चहा निम्म्यावर आणा पण दोन्ही एकाच आठवड्यात शून्य करू नका.

पायरी १: तीन दिवस काहीच सोडू नका, फक्त लिहा

हीच पायरी सगळे गाळतात आणि मग पुढचं सगळं चुकतं.

वही घ्या किंवा मोबाईलवर लिहा, पण तोंडात गेलेलं प्रत्येक लिहायचं. वेळ, कप का कटिंग, घरचा का बाहेरचा. मला विचारलं असतं तर मी छातीठोकपणे चार कप सांगितलं असतं. वहीत निघाले सात. सकाळी उठल्यावर मोठा मग, नाश्त्याबरोबर अर्धा, ऑफिसात अकराचं कटिंग, क्लायंट आला की त्याच्याबरोबर एक, चारचं कटिंग, घरी आल्यावर सासूबाईंबरोबर एक, आणि पातेल्यात उरलेला दोन घोट जो ‘वाया कशाला घालवायचा’ म्हणून उभ्या उभ्या ओट्यापाशी पिते तो. तो शेवटचा मी आयुष्यात कधी मोजला नव्हता.

अंदाजासाठी आकडे: हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दिलंय की १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि फिल्टर वगैरे ब्रू केलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असतं, आणि दिवसाला ३०० च्या वर जाऊ नका. विथड्रॉवल व्हायला मात्र ३०० लागत नाहीत, रोजचे १०० असले तरी होऊ शकतं. म्हणून ‘मी तर दोनच कप घेतो’ वाल्यांनी पण खाली वाचा.

वहीत हेही लिहा: कोल्ड्रिंक, कोल्ड कॉफी, डार्क चॉकलेट, ग्रीन टी, जिमवाल्यांची प्री-वर्कआउट पावडर, आणि डोकेदुखीच्या गोळ्या. डिकॅफ कॉफीत पण थोडं असतंच.

चेक: तीन दिवसांतला एक रविवार असू द्या. बऱ्याच जणांना रविवारी उशिरा उठल्यावर जे डोकं दुखतं ते रोजच्या वेळेला चहा न मिळाल्याचं असतं. तुमचं तसं असेल तर तुम्ही यात पक्के अडकलेले आहात, चार आठवडे धरा. उपासाला चहा चालत नाही अशा घरात एकादशीला जे डोकं धरतं, त्यातही बऱ्याचदा हाच प्रकार असतो आणि आपण पित्ताला शिव्या घालतो.

पायरी २: तारीख आणि घरच्यांशी बोलणी

तारीख निवडताना शुभमुहूर्त बघू नका, कॅलेंडर बघा. मार्च एंडिंग, मुलांच्या परीक्षा, गणपती (दहा दिवस पाहुणे म्हणजे दहा दिवस पातेलं गॅसवर), दिवाळी, घरात लग्न, लांबचा प्रवास, हे सगळं टाळा. चार साधे रटाळ आठवडे हवेत. बायकांनी पाळीच्या आधीचा आठवडा शेवटच्या पायरीवर येणार नाही असं बघा, दोन्हीकडून डोकं दुखतं मग.

घरच्यांना सांगा पण भाषण देऊ नका. मी पहिल्या वेळी सगळ्यांचाच चहा बंद करायला निघाले होते, सासूबाई तोंडावर काही बोलल्या नाहीत पण दुपारी शेजारच्या काकूंकडे जाऊन पिऊन आल्या. तुमचा चहा तुमचा, त्यांचा त्यांचा.

मोजमाप पक्कं करा. हे महत्त्वाचं आहे. आपण म्हणतो एक चमचा पावडर, पण चहाच्या डब्यात जो चमचा पडलेला असतो तो शिगोशीग भरून टाकतो आपण. मी किचनच्या काट्यावर मोजलं, शीग लावलेला चमचा चार ग्रॅमच्या वर आणि तोच बोटाने सपाट केला की अडीचच्या आतबाहेर. म्हणजे ज्या दिवशी मी ‘एकच चमचा’ टाकत होते त्या दिवशी जवळजवळ दोन टाकत होते. आजपासून सपाट चमचा. काहीही न सोडता तुमचं कॅफिन इथेच कमी होतं.

सावधान: सपाट चमचा केला म्हणून रंग यावा यासाठी जास्त वेळ उकळू नका. आपली पावडर सीटीसीची, बारीक दाणेदार, तिच्यातलं बरंचसं कॅफिन पहिल्या काही मिनिटांतच उतरतं, पुढे उकळून फक्त कडवटपणा वाढतो. आणि ‘पहिलं पाणी ओतून द्यायचं म्हणजे कॅफिन निघून जातं’ हे जे फिरत असतं त्याच्या नादी लागू नका, अर्ध्या मिनिटात पाणी ओतलं तर बरंच कॅफिन पानातच राहतं. कमी करायचं तर पावडरच कमी करायची, दुसरी युक्ती नाही.

पायरी ३: चारनंतरचे कप (पहिला आठवडा)

पहिल्यांदा हेच जातात. कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, कुणाला तीन, कुणाला सात. म्हणजे संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकराला अजून अर्धा तुमच्यात बसलेला असतो. झोप लागते हो, लागत नाही असं नाही, पण ती वरवरची लागते, मग सकाळी अंग जड, मग उठल्या उठल्या मोठा मग. हे चक्र संध्याकाळकडून तोडलं की सकाळची तलफ आपोआप थोडी कमी होते, सकाळकडून तोडायला गेलं की काहीच हातात येत नाही.

पहिले तीन दिवस सहाचा कप बंद, पुढचे तीन दिवस चारचा. त्या वेळेला रिकामं बसू नका, काहीतरी गरम हातात पाहिजे. गवती चहाची चार पाती, ठेचलेलं आलं, पाणी उकळून गाळायचं, वाटलं तर चिमूटभर गूळ. नावात चहा आहे पण त्यात चहा नाही, फक्त सवयीने त्यात पावडर टाकू नका, माझा हात दोनदा डब्याकडे गेला होता. धने-जिरे-सुंठीचा काढा पण चालतो. उन्हाळ्यात कोकम सरबत. ज्येष्ठमध घालून रोजच्या रोज काढा पिऊ नका मात्र, त्याने बीपी वाढतं, आधीच बीपीची गोळी चालू असेल तर लांबच राहा.

इथे एक गोष्ट मला कळली, चार वाजता मला चहा नको असायचा, भूक लागलेली असायची. साडेबाराला डबा खाल्लेला, चारला पोट रिकामं, आणि आपण त्यात दोन चमचे साखर आणि कॅफिन ओतून भूक दाबायचो. फुटाणे, केळं, शेंगदाण्याचा लाडू, काहीतरी खा. सात दिवसांत चारची तलफ निम्म्याने गेली माझी.

चेक: या आठवड्यात हलकं डोकं जड होणं नॉर्मल. ठणका लागला तर चारचा कप अर्धा करून परत आणा आणि तीन दिवस तिथेच थांबा. पायरीवर थांबणं चालतं. उडी मारून खाली गेलं की तोंडावर पडतो.

पायरी ४: कप तोच, पावडर कमी (दुसरा आणि तिसरा आठवडा)

आता उरले सकाळचे आणि अकराचा. यांची संख्या कमी करायची नाही. कप तेवढाच, वेळ तीच, जागा तीच, पावडर कमी. हाताला कप मिळतो, नाकाला वाफ मिळते, मन फारसं तक्रार करत नाही.

सपाट एक चमच्यावरून पाऊण, तीन-चार दिवस. मग अर्धा, तीन-चार दिवस. मग पाव. आलं, वेलची जरा वाढवा म्हणजे पाणचट लागत नाही. साखर मात्र वाढवू नका, ही फार कॉमन चूक आहे, पावडर कमी झाल्यावर फिकं लागतं म्हणून लोक साखर टाकतात आणि महिन्याभरात दोन किलो वजन वाढवून बसतात.

घरात एकच पातेलं असेल आणि तुमच्यासाठी वेगळं आधण ठेवायला जमत नसेल तर सोपं आहे, घरच्या पातेल्यातला पाऊण कप घ्या आणि वरचा पाव कप गरम दूध-पाणी. पुढच्या वेळी अर्धा-अर्धा. मी हेच केलं. कॉफीवाल्यांनी इन्स्टंटचा चमचा असाच उतरवायचा, आणि फिल्टर कॉफीवाल्यांनी चिकोरी जास्त असलेली पावडर घेतली तरी काम होतं कारण चिकोरीत कॅफिन नसतं.

रोज दोनच कप घेणाऱ्यांना तिसरा आठवडा लागणार नाही, दहा-बारा दिवसांत होईल. आठ-दहा कपवाल्यांना पाच आठवडे लागतील. लागू देत.

या आठवड्यात जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा ठेवू नका, चहातलं टॅनिन जेवणातलं लोह शोषू देत नाही. हिमोग्लोबिन कमी असणाऱ्या आमच्या सगळ्या बायका जेवून उठल्या की चहा घेतात, मी पण घ्यायचे.

सावधान: ‘चहा बंद केला, आता ग्रीन टी घेतो’ ही पायरी नाही. चहाचंच झाड, चहाचीच पानं. दिवसाला तीन ग्रीन टी म्हणजे तुम्ही परत वर चढलात. ‘हर्बल’ लिहिलेल्या पाकिटाचं पण मागचं लेबल वाचा, बऱ्याच वेळा आत ग्रीन टी असतो.

पायरी ५: बाहेरचा चहा

घरी पावडर तुमच्या हातात असते, टपरीवर नसते. अमृततुल्यचा चहा किती उकळलाय आणि किती पावडर पडलीय हे कुणालाच माहीत नाही, म्हणून बाहेरच्या चहाला पाऊण-अर्धा लागू होत नाही, तो एक तर घ्यायचा नाही तर नाही. कटिंगचं अर्धं कटिंग मात्र होऊ शकतं.

आमच्या ऑफिसचं टपरीवाल्याकडे महिन्याचं खातं आहे. मी त्याला सांगितलं, दादा उद्यापासून मला नको. दुसऱ्या दिवशी अकराला माझ्या टेबलवर ग्लास आला, वर कागद झाकलेला, कारण मी जागेवर नव्हते. तिसऱ्या दिवशी पण. त्याचा काही दोष नाही, तो पाच ग्लास घेऊन येतो, हाताला पाचचीच सवय. शेवटी खात्यातूनच माझा ग्लास कमी करायला लावला आणि त्या वेळेला मी माझा थर्मास काढायला लागले. अकराला सगळ्यांबरोबर उठायचं मात्र सोडू नका. चहा सोडणाऱ्याला सगळ्यात जास्त टोचतं ते एकटं पडणं, कारण ऑफिसातली खरी बातमी अकराच्या चहाला कळते.

पाहुण्यांकडे गेल्यावर ‘मी चहा सोडलाय’ असं कधीही म्हणू नका. का सोडला, कुणी सांगितलं, आमच्या ह्यांनी पण सोडला होता, अर्ध्या कपाने काय होतंय, अशी पंधरा मिनिटं जातात आणि शेवटी कप हातात येतोच. ‘पित्त झालंय’ म्हणा. महाराष्ट्रात या दोन शब्दांपुढे कुणी बोलत नाही, उलट आतून कोकम सरबत येतं.

पायरी ६: शेवटचा सकाळचा कप, आणि पुढचे नऊ दिवस

पाव चमच्यावर चार दिवस आरामात गेले असतील तरच ही पायरी. शनिवार सकाळ निवडा म्हणजे जे काय व्हायचं ते सुट्टीत होईल.

सकाळी उठल्या उठल्या मोठा ग्लास कोमट पाणी. नाश्ता तासाभरात करा, लांबवू नका, कारण चहातली साखर आणि दूध पण गेलंय हे लोक विसरतात आणि भुकेने येणारी चिडचिड कॅफिनच्या नावावर टाकतात. दुपारी अडीच-तीनला झोप येईल, साधी नाही, डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखी. वीस मिनिटं पडा, अलार्म लावून, तीननंतर झोपू नका. संध्याकाळी चालायला जा.

सावधान: पहिले दोन-तीन दिवस लांब गाडी चालवू नका. रात्रीची बाईक तर नकोच. चहाच्या जोरावर सांगली-पुणे करणाऱ्यांनी हे खास वाचा.

काय काय होऊ शकतं: दोन्ही बाजूंनी ठणकणारं डोकं, आळस, लक्ष न लागणं, विनाकारण चिडचिड किंवा रडू, मळमळ, ताप येणार असं वाटावं तसं अंग दुखणं. पायऱ्या नीट उतरला असाल तर यातलं एक-दोनच आणि तेही हलकं होईल. मला शेवटच्या वेळी फक्त दीड दिवस डोकं जड होतं. तीन वर्षांपूर्वी सात कपांवरून एकदम शून्यावर आले होते तेव्हा मला वाटलं डेंग्यू झाला, ब्लड टेस्टचे पैसे घातले होते.

आता गोळीचं. माझी दुसरी वेळ इथेच वाया गेली. डोकं दुखलं, मेडिकलमधून पटकन चढणारी गोळी आणली, अर्ध्या तासात एकदम फ्रेश, मी खूश. दुसऱ्या दिवशी परत दुखलं, परत गोळी. पाच दिवस. सहाव्या दिवशी भाच्याने स्ट्रिप उलटी करून दाखवली, मागे कॅफिन लिहिलेलं. मी चहा सोडून गोळीतून तेच घेत होते. डोकेदुखीच्या बऱ्याच कॉम्बिनेशन गोळ्यांत ते असतं, उदाहरणार्थ सॅरिडॉनच्या एका गोळीत ५० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक कप चहा. तेव्हा स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा, वाचता येत नसतील तर मेडिकलवाल्याला विचारा यात कॅफिन आहे का. घ्यायचीच वेळ आली तर साधं पॅरासिटामॉल, खाऊन झाल्यावर, एखाददुसरा दिवस. रोज लागायला लागली तर गोळी वाढवू नका, परत पाव चमच्यावर जा. (लिव्हरचा त्रास असेल, रोज दारू असेल तर पॅरासिटामॉल पण विचारल्याशिवाय नको.)

चेक: अचानक विजेसारखं उठलेलं, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं, उलट्या, मान आखडून ताप, एका बाजूचा हात-पाय जड, बोलताना जीभ अडखळणं, यातलं काहीही झालं तर ते चहाचं समजून घरी बसू नका, सरळ दवाखाना. नऊ-दहा दिवसांनीही डोकं तसंच दुखत असेल तर तेही चहाचं नाही, दाखवून घ्या.

पायरी ७: नंतरचा महिना, वर आणि खाली

इथे लोकांची निराशा होते कारण त्यांना वाटत असतं आता एकदम हलकं, उत्साही वगैरे वाटणार. माझं खरं सांगते.

दहाव्या दिवसानंतर झोप बदलली. पडल्यावर लागायची ती आधी पण लागायची, पण आता मध्ये तीनला उठणं बंद झालं आणि स्वप्नं पडायला लागली, भरपूर. छातीतली जळजळ कमी झाली. दुपारची ती एकदम खाली पडल्यासारखी अवस्था गेली, पण सकाळचा तो एकदम वर उचलल्यासारखा झटका पण गेला, तो परत आला नाही. दिवस सपाट झाला म्हणा. पहिले दोन आठवडे मला ते सपाट आवडलंच नाही. टीडीएसचं रिटर्न भरताना जो वेग असायचा तो नव्हता, नंतर आला.

पोट. हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. वर्षानुवर्षं चहा घेतल्यावरच ‘प्रेशर’ यायची सवय असते, ती मोडली की चार-पाच दिवस बद्धकोष्ठता होते आणि निम्मे लोक फक्त यासाठी चहा परत चालू करतात. शेवटच्या पायरीच्या आठवडाभर आधीपासून कोमट पाणी, रात्री भिजवलेले काळे मनुके, पपई, जे तुम्हाला चालतं ते सुरू करा आणि चहाच्या वेळेलाच जाऊन बसायची सवय ठेवा. आतड्यांना वेळ कळते.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांना एक फायदा, सकाळी गोळी आणि चहा यात अर्धा-पाऊण तास ठेवायची ओढाताण संपते. नाश्त्याचं अंतर मात्र ठेवायचंच.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक दिवस असा येतो की काहीच दुखत नाही, काहीच होत नाही आणि तरी बाहेर पाऊस लागलाय आणि चहा पाहिजे. ही तलफ कॅफिनची कमी आणि सवयीची जास्त असते, दहा-पंधरा मिनिटांत जाते. गवती चहा टाका. भजी खा. भज्यांत कॅफिन नाही.

पायरी ८: एखादा कप झालाच तर

होणार. लग्नाच्या बैठकीत होईल, मयताला गेल्यावर कुणी समोर धरेल तेव्हा नाही म्हणता येणार नाही. एका कपाने परत सुरुवातीला जात नाही आपण. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, तुमची ताकद आता गेलेली असते. मी दिवाळीला माहेरी संध्याकाळी सहाला आईच्या हातचा फुल कप घेतला, पूर्वी सात पचवणारी मी, रात्री दीड वाजता छतावरचा पंखा बघत पडलेले, छातीत धडधड. तेव्हा घ्यायचाच तर सकाळी घ्या आणि अर्धा घ्या.

दोन, सलग दिवस मोजा. एक दिवस ठीक. सलग तीन दिवस झाला की शरीर परत हिशोबात धरायला लागतं आणि चौथ्या दिवशी नाही मिळाला की डोकं जड. तसं झालंच तर पहिल्यापासून करायची गरज नाही, अर्ध्या चमच्यावरून परत उतरा, आठवड्यात होतं.

चेक: महिनाभराने वही परत काढा आणि परत तीन दिवस सगळं लिहा, कोल्ड्रिंक-चॉकलेट-गोळ्यांसकट. मी लिहिलं तेव्हा शून्य येईल असं वाटत होतं. आलं नाही. सासूबाईंचा चहा करताना साखर बघायला म्हणून मी जो चमचाभर तोंडात टाकत होते, तो दिवसातून चारदा होत होता.